बायकोला फिरायला न्यायचा परवाना

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी बंदूक विकत घेतली. त्याआधीच्या आयुष्यात घरात झुरळ निघालं तरी मी बायकोला हाक मारत आलो होतो. आमच्याकडे अंडं आलंच तर केकमध्ये लपून येतं. तेव्हा मी बदकांच्या शिकारीचं लायसन काढलं हे ऐकून इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी जे चेहरे केले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की माझी बाजू कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाही. म्हणून ती लिहून ठेवतो.

सुरुवात बर्फापासून झाली. जानेवारीत बायको टपाल आणायला मेलबॉक्सपर्यंत गेली आणि ड्राइव्हवेवर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, हाड जुळून आलं, डॉक्टर स्वतःवर खूश झाले. पण बायको उभी राहिली की तिचे पाय जमिनीला चिकटायचे. फरशी दिसली, डांबर दिसलं, की ती माझा दंड इतका घट्ट धरायची की वळ उठायचे. फिजिओथेरपीच्या बाई स्पष्ट बोलल्या की रोज चाललं नाही तर वर्षभरात व्हीलचेअर. बायकोने समजुतीने मान हलवली आणि सोफ्यावर जाऊन बसली. मॉलमध्ये नेलं तर म्हणे फरशी चकाकते. घराबाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नाही. मी चिडायचो, मग चिडलो म्हणून वाईट वाटायचं, मग त्या वाईट वाटण्यावरही चिडायचो.

आम्ही न्यू इंग्लंडमध्ये राहतो. समुद्र घरापासून वीस मिनिटांवर. जूनमध्ये एकदा तिला हवा खायला म्हणून घेऊन गेलो. एक रस्ता थेट समुद्राला जाऊन भिडतो, तिथे तीन गाड्यांपुरती जागा आहे आणि खाली उतरलं की वीसेक पावलांचा सरकारी किनारा. ओहोटी होती. ओली, घट्ट, सपाट वाळू लांबवर पसरली होती. बायकोने चपला काढल्या, पायाने वाळू दाबून पाहिली आणि म्हणाली, "इथे पडले तर मोडणार नाही."

आणि चालायला लागली. पहिल्या दिवशी दहा पावलं, दुसऱ्या दिवशी पंचवीस. खाजणातून येणारा एक ओहळ तिथे समुद्राला मिळतो. ओहोटीला त्यात घोटाभर पाणी असतं, तो ओलांडला की पुढे सहा मोठी घरं आणि सहाव्या घरापलीकडे काळे खडक. तिने मनाशी ठरवलं की खडकांपर्यंत जायचं. जुलै संपेपर्यंत ती माझा हात धरून तिसऱ्या घरापर्यंत पोचली होती. रात्री झोपताना मला म्हणायची, आज पाय घाबरला नाही. मी देवाला फारसा मानत नाही, पण त्या महिन्यात मानायला तयार होतो.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या घरातून एक बाई खाली उतरल्या. सत्तरीच्या, गवती हॅट, हातात बागकामाची कात्री. अत्यंत नम्रपणे बोलल्या, आणि नम्र माणसाशी भांडायला काही हाती लागत नाही. म्हणाल्या की हा किनारा खाजगी आहे, ओहोटीच्या रेषेपर्यंत. मी हसलो. समुद्र कुणाच्या बापाचा असतो का? त्या आत गेल्या आणि एक नकाशा घेऊन आल्या. लॅमिनेट केलेला. म्हणजे आम्ही काही पहिले नव्हतो. मी नकाशात नाक खुपसून वाद घालायच्या तयारीत होतो, पण मागे वळून पाहतो तर बायको गाडीच्या दिशेने निघालेली, वाटेत वाळूलासुद्धा सॉरी म्हणत. त्या दिवसानंतर ती किनाऱ्यावर येईना. कुणाच्या दारात कशाला जायचं, एवढंच बोलायची. पुन्हा सोफा.

माझं पित्त खवळलं. सांता क्लारा शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला. ती एका कंपनीत वकील आहे, जन्म इथलाच, मराठी समजते सगळं आणि बोलते तेव्हा आपल्यावर उपकार करते. तिने अर्ध्या तासाने परत फोन केला. त्या बाईंचंच बरोबर होतं. इंग्रजांच्या वसाहतीच्या काळापासूनचा कायदा आहे म्हणे. इथल्या एकदोन राज्यांत घरमालकाची जमीन पार ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते. भरती आणि ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात बाकीच्या जनतेने फक्त तीन कामांसाठी यायचं.

"फिशिंग, फाउलिंग, नॅव्हिगेशन," ती म्हणाली. "वॉकिंग इज नॉट ऑन द लिस्ट, बाबा."

फाउलिंग म्हणजे काय विचारलं. पाणपक्ष्यांची शिकार. म्हणजे बायकोला घेऊन गेलो तर मी घुसखोर, आणि बंदूक घेऊन गेलो तर सज्जन नागरिक? बेसिकली येस, असं म्हणून ती हसली. तिला तो विनोद वाटला. मी वही घेऊन बसलो.

तीन पर्याय होते. होडीचा विषय बायकोने पहिल्याच वाक्यात निकालात काढला. मासेमारी सगळ्यांनी सुचवली. एक गळ खांद्यावर टाक, झालं, कशाला एवढी यातायात. पण या लोकांनी विचार केलेला नसतो. गळ पाण्यात टाकला की पुढचं सगळं माशाच्या हातात. एखाद्या मूर्ख माशाने गिळलाच तर? त्याला ओढा, सोडवा, मारा, तोंडात रक्त. बंदुकीचं तसं नाही. कुठलंही बदक आपण होऊन काडतुसावर येऊन बसत नाही. चाप मी ओढला तरच पाप, आणि चाप ओढायचा नाही हे माझं मी ठरवू शकतो. तेव्हा शाकाहारी माणसाला शिकार हीच जास्त सुरक्षित. मंडळात हा मुद्दा मी तीनदा मांडला. तिन्ही वेळा लोक जेवायला उठले.

लायसनसाठी कोर्स करावा लागतो. एका क्लबच्या हॉलमध्ये सहा संध्याकाळी. बाकी सगळे माझ्या मुलीपेक्षा लहान. मी पहिल्या बाकावर. शिकवणारा एक निवृत्त प्लंबर होता, चाळीस वर्षं या किनाऱ्यावर बदकं मारलेला, आणि त्याचं पहिलंच वाक्य असं की बंदुकीची भीती बाळगा, पण पाण्याची जास्त बाळगा. बंदूक तुम्ही सांगाल तेव्हाच उडते, भरती कुणाचं ऐकत नाही. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालायची, तिला वेडर्स म्हणतात, आणि वरून पट्टा आवळायचा, नाहीतर पडलात की आत पाणी भरतं आणि माणूस उठत नाही. चिखलात रुतलात तर उभ्याने झटायचं नाही, आडवं व्हायचं. धुक्यात होकायंत्र. पायरी चढताना, कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करायची, उघडायची, मग दुसऱ्याच्या हातात द्यायची. ओहोटी संपली की दीड तासात माघारी. आणि घरातून निघण्याआधी कुठे जातोय, किती वाजता परतणार, ते कागदावर लिहून घरच्या माणसाकडे ठेवायचं. मी सगळं लिहून घेतलं. परीक्षेत पैकीच्या पैकी. तो म्हणाला, इतके प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्याने पाहिला नव्हता. ते कौतुक होतं असं मी धरून चाललो.

पोलिसांकडे बोटांचे ठसे दिले, परवाना आला, एक जुनी दोननळी घेतली. सोबत काडतुसांचा एक डबा, शिशाचे छर्रे चालत नाहीत म्हणून पोलादी, आणि केंद्र सरकारचा बदकाचं चित्र असलेला एक स्टॅम्प, ज्यावर सही करून तो खिशात बाळगावा लागतो. बायकोने बंदूक घरात घेऊ दिली नाही. गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या मशीनशेजारी, कुलपाच्या पेटीत. मात्र दसऱ्याला तिने स्वतःहून पेटी उघडायला लावली. इतकी वर्षं शस्त्रपूजा म्हणून आम्ही लॅपटॉपला आणि गाडीला झेंडू वाहत आलो होतो. खरं शस्त्र पहिल्यांदाच पाटावर आलं. तिने नळीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आणि बंदुकीला उद्देशून म्हणाली की बाई, तू गप्पच राहा.

तिला तयार करणं अवघड गेलं. मी कायद्याची प्रत काढली आणि तीही लॅमिनेट करून आणली. त्यांच्याकडे लॅमिनेशन असेल तर आपल्याकडेही हवं. घरांच्या जवळ बार काढणं बेकायदा, म्हणून मी खडकांच्या पलीकडे शिकार करणार, आणि तिथवर चालत जाणं हा शिकारीचाच भाग, असा माझा युक्तिवाद होता. बायकोने विचारलं, तुम्ही शिकारी, मग मी कोण? शिकाऱ्याबरोबर कुत्रा चालतो, बायकोबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नाही, असं मी सांगितलं. हे वाक्य मी बोलायला नको होतं. तरी ती आली. एकदाच येते म्हणाली. तिलाही चालायचं होतं, हे मला तिच्या बूट शोधण्याच्या घाईवरून कळलं.

नोव्हेंबरातला शनिवार. ओहोटी सातची. आम्ही निघायला हवं होतं साडेसहाला, निघालो पावणेआठला, कारण चहा. आणि कागद कुणाकडेही ठेवला नाही. घरचं माणूस माझ्याबरोबरच होतं. उरली मुलगी, आणि आमच्यात मुलांना असलं काही कळवत नाहीत. उगाच काळजी. बायकोचा खुबा मोडला हे तिला आम्ही ऑपरेशन झाल्यावर सांगितलं होतं, आणि तेव्हाही मोडला असं न म्हणता दुखावला म्हटलं होतं.

बायको जांभळा जाड कोट घालून, माझा दंड धरून चालत होती. सगळ्या राज्यातल्या बदकांना तो कोट दिसत असणार. माझ्या खांद्यावर रिकामी बंदूक. ओहळ ओलांडला, पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. तिची पावलं हळूहळू मोकळी होत होती. तिसऱ्या घरासमोर दगडी बांधावर त्या बाई येऊन उभ्या राहिल्या. बंदूक पाहून त्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

मी कायद्याचा कागद काढला. त्या बोलायला लागल्या की उन्हाळ्यात लोक इथे कचरा टाकतात, बाळांचे डायपर पुरून जातात, शेवाळात काचा सापडतात. मी म्हटलं तो वेगळा मुद्दा. त्या म्हणाल्या तुम्ही शिकार करत नाही, फिरताय. मी म्हटलं हेतू सिद्ध करा. त्यांनी काडतुसं कुठे आहेत विचारलं, मी डबा दाखवला. मजा येत होती. इतक्या वर्षांत या देशात कुणी माझ्याशी असं तब्येतीत भांडलंच नव्हतं, सगळे हॅव अ नाइस डे म्हणून निघून जायचे. माघारी फिरण्यासाठी लावलेला फोनचा गजर वाजला. मी तो स्नूझ केला. पुन्हा वाजला, पुन्हा स्नूझ केला.

"अहो, पाणी आलं," बायको म्हणाली.

मी म्हटलं, थांब, एवढा मुद्दा पूर्ण होऊ दे.

मुद्दा पूर्ण झाला तेव्हा पाणी माझ्या घोट्यांवर होतं. मागे वळून पाहिलं तर ओहळाच्या जागी पाण्याचा रुंद पट्टा होता आणि त्याचा प्रवाह आतल्या बाजूला धावत होता. मी एकटा वेडर्स घालून कदाचित गेलो असतो. बायकोच्या पायात साधे बूट. पाणी नोव्हेंबरचं. पुढे खडक, मागे ओहळ, बाजूला बांध, आणि बांधाच्या पलीकडे ज्या जमिनीवर माझा कसलाही हक्क नव्हता ती जमीन. माझा हक्क भरतीरेषेखाली होता, आणि भरती येत होती.

बायकोचे पाय चिकटले होते. लाट आली की तिचे डोळे मिटायचे. मी तिच्याकडे पाहिलं. जूनपासूनची मेहनत मी एका लॅमिनेट केलेल्या कागदासाठी समुद्रात उभी केली होती. बाई वरून म्हणाल्या, पायऱ्या आहेत, वर या. आणि मी, देवाशप्पथ सांगतो, म्हणालो की ती घुसखोरी होईल.

बायकोने माझा दंड सोडला. वर पाहून, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत म्हणाली, "प्लीज, मला हात द्या. मला फार भीती वाटते." बाई पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात आल्या, कपड्यांसकट. एक एक पायरी मोजत त्यांनी तिला वर नेलं. चौथ्या पायरीवर ती थांबली, तेव्हा बाईही तिच्याबरोबर नुसत्या उभ्या राहिल्या. मी कधीच तसा थांबलो नव्हतो. मी नेहमी म्हणायचो, चल, काही होत नाही.

मग माझी पाळी. बंदूक रिकामी होती, तरी मी ती उघडली, दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड त्यांना दाखवला आणि चढण्याआधी ती त्यांच्या हातात दिली. प्लंबरने शिकवलं होतं तस्संच. शत्रूच्या हातात शस्त्र देऊन मी त्याच्या मुलखात शिरलो. त्यांनी ती दुसऱ्याची ओली छत्री धरावी तशी लांब धरली आणि नळीवरचा पिवळा डाग कसला म्हणून विचारलं.

त्यांच्या स्वयंपाकघरात बायकोच्या पायांना टॉवेल गुंडाळून कॉफी मिळाली. मी दारातल्या पायपुसण्यावर, टपटपत. बायकोने सगळं सांगितलं. बर्फ, खुबा, चकाकणारी फरशी, वाळूवर पडलं तर मोडत नाही. मी ते त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. मी सगळा वेळ वसाहतीच्या काळाबद्दल बोलत होतो. बाई म्हणाल्या, सहाही घरांची मिळून एक समिती आहे आणि तिची मी अध्यक्ष. लोक येतात ते एक तर आमचंच आहे म्हणतात, नाहीतर पळून जातात. विचारत कुणीच नाही. तुम्ही कधीही या, खाली वाळू आहे, भरती असेल तर वर गवताची वाट आहे, मी येईन बरोबर. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, हे आले तरी चालेल, फक्त ती बंदूक नको.

मी म्हटलं, मला परवानगीची गरज नाही, मला हक्क आहे. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तो असा.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मग बायको म्हणाली, "मला हक्क नको होता. मला चालायचं होतं."

मी हीटर वाढवला.

पुढच्या सोमवारपासून ती जायला लागली. आठवड्यातून चार दिवस, बाईंचा दंड धरून. मी तिला सोडायचो, आणि गाडीत बसून राहणं अपमानाचं वाटायचं म्हणून वेडर्स घालून, पट्टा आवळून, बंदूक घेऊन खाली भरतीरेषेखालून चालायचो. कायदेशीर. त्या दोघी माझ्यापासून लांब. निघण्याआधी मी आता सांता क्लाराला मेसेज करतो, कुठे आणि किती वाजेपर्यंत, आणि ती अंगठा पाठवते. बदकांना माझी ओळख झाली होती. ती दहा फुटांवरून निवांत पोहत जायची.

डिसेंबरच्या मध्यावर एक दिवस पाणी अर्धं चढलं होतं आणि त्या दोघी वर गवतावरून चालल्या होत्या. चौथ्या घराशी बायकोने बाईंचा दंड सोडला. मला वाटलं ती थांबली. थांबली नव्हती. पाचवं घर गेलं. हात जरा बाजूला पसरून, मान खाली घालून, ती एकटी चालत राहिली. बाई दोन पावलं मागे. सहावं घर गेलं. खडकांशी तिने हात टेकला, वळली, आणि खाली कुठेच न बघता पुन्हा परतीला लागली.

हा दिवस मी जूनपासून मागत होतो, आणि तो मी बांधाच्या खालून, मान वर करून पाहिला. रडू आलं. बंदूक खांद्यावर असल्यामुळे डोळेही नीट पुसता येईनात.

त्या वरून जवळ आल्या तेव्हा मी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या जमिनीच्या मालकाला विचारलं, "मी वर येऊ का?"

बाईंनी बायकोकडे पाहिलं. ठरवायचं तिच्यावर सोडलं. बायकोने माझ्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं.

"ती गाडीत ठेवून या," ती म्हणाली.

मी ओहळ ओलांडून गाडीपर्यंत गेलो, बंदूक पेटीत कुलूपबंद केली, वेडर्स सोलून काढले, बूट घातले आणि रस्त्याने फिरून गवताच्या वाटेला लागलो. तोवर त्या दोघी दुसऱ्या फेरीला निघाल्या होत्या. बायको पुढे. माझ्यासाठी ती थांबली नाही, आणि तिला गाठायला मला धावावं लागलं.